भावोजींचं काडतूस

ऑस्ट्रेलियातल्या ग्लेन वेव्हर्लीच्या हेन्री तुस्कानोला तुम्ही इंजिनिअर म्हणा, वसईकर म्हणा, चर्चच्या कॉयरमधला सगळ्यात मोठ्या आवाजाचा आणि सगळ्यात कमी सुराचा माणूस म्हणा, तो हसून मान डोलावेल. पण कोणी ‘शिकारी’ म्हटलं की गडी एकदम ताठ व्हायचा. आता खरं सांगायचं तर ह्या शिकाऱ्याने आठ वर्षं जंगलात जाऊन केलं काय? कांदे चिरले. लायसन होतं, कपाटात रायफल होती, भडक नारिंगी टोपी होती, आणि हातात कायम सुरी नाहीतर उलथनं.

त्याचं असं व्हायचं. लुर्डसचा, म्हणजे हेन्रीच्या बायकोचा, धाकटा भाऊ रॉनी ट्रॅरल्गनला डिझेल मेकॅनिक. पक्का शिकारी. दर जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, तो आणि त्याचे दोन ऑसी मेट्स डोंगरात कॅम्प टाकायचे, सांबरासाठी. सांबर म्हणजे आपलंच जनावर बरं का, दीडशे वर्षांपूर्वी जहाजातून इथे आणून सोडलेलं. आपल्यासारखंच आलं आणि रुळलं, फक्त त्याला व्हिसाची कटकट नव्हती. रॉनी भावोजींना आग्रहाने न्यायचा. पण पहाटे सगळे वरच्या धारेवर निघाले की तो हेन्रीच्या खांद्यावर हात ठेवायचा.

“भावोजी, तुमच्या इंद्यालाशिवाय कॅम्पला मजा नाही हो. तुम्ही आज इथेच थांबा. वर काय, नुसती थंडी.”

की झालं! हेन्री थांबायचा. वसईच्या बाटली मसाल्याची बाटली उघडायचा, इंद्यालाचं मटण मुरवत ठेवायचा, तळून खायच्या गोल फुग्यांचं पीठ भिजवायचा. संध्याकाळी ते दोघे ऑसी बोटं चाटत त्याला “शेफ, मेट, यू आर अ लेजेंड” म्हणायचे, आणि लेजेंड आतल्या आत जळायचा.

धारेवरची शिकार सोपी नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं. एका डोंगरावर आडवं पडायचं, मधे खोल घळ, आणि समोरच्या डोंगराच्या उतारावर जनावर बाहेर येतं. अडीचशे, तीनशे, कधी चारशे मीटर. तिथे गोळी नेमकी छातीत गेली पाहिजे. इकडेतिकडे लागली तर जखमी जनावर झाडीत शिरतं आणि दोन दिवस तडफडत मरतं. असल्या पापाला रॉनीच्या कॅम्पात माफी नव्हती.

आणि यंदा घोडं पेंड खात होतं ते हेन्रीच्या गुडघ्यात. डॉक्टरने ऑगस्टमधली तारीख दिली होती, उजवा गुडघा बदलायची. “आफ्टर दॅट, नो माउंटन्स,” असं स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे हा जून शेवटचा. धारेवर जायचं तर यंदा, नाहीतर आयुष्यभर कांदेच. हे मनाला इतकं लागलं होतं की जानेवारीतच त्याने लुर्डसला जाहीर करून टाकलं, “यंदा मी वर जाणार. मला नवीन काडतूस पाहिजे.”

लुर्डस एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. बडबडीला तिच्याकडे वेळ नसतो. “काडतूस की रायफल?” तिने विचारलं.

“आधी काडतूस ठरवायचं, मग त्याची रायफल. तू आधी घर ठरवतेस की आधी टाइल्स?”

“मी आधी नवऱ्याला विचारते की जुन्या घराला काय झालं?”

जुन्याला काय झालं होतं? कपाटात होती ती थ्री-ओ-एट. इथल्या प्रत्येक शेतकऱ्याकडे असते ती. साधी, भरवशाची, कुठल्याही गावच्या दुकानात काडतुसं मिळतात. पण नेमबाजीच्या रेंजवर हेन्रीच्या गोळ्या चार दिशांना जायच्या. आणि हेन्रीने निदान केलं होतं की दोष काडतुसाचा. छोटं पडतं. ताकद नाही. रॉनी म्हणूनच वर नेत नाही.

मग त्याने शिरीषला गाठलं. शिरीष शेजारचा, पुण्याचा, युनीत, म्हणजे विद्यापीठात, फिजिक्स शिकवतो. चतुर्थीला उपास, एरवीही अंडं वर्ज्य, आयुष्यात माशीसुद्धा वर्तमानपत्राने न मारता खिडकी उघडून बाहेर सोडलेली. पण गणित दिसलं की हा माणूस पिसाळतो. दोन दिवसांत त्याने असं एक्सेल केलं की हेन्रीचे डोळे पांढरे झाले. अकरा काडतुसं. प्रत्येकाचा वेग, शंभर, दोनशे, तीनशे, चारशे मीटरला गोळी किती खाली पडते, वारा किती ढकलतो, पोचल्यावर जोर किती उरतो. सांबरासाठी सरकारने ठरवलेल्या किमान मापात न बसणारी काडतुसं त्याने आधीच लाल करून टाकली होती.

“हे बघ,” शिरीष साबुदाण्याची खिचडी खात म्हणाला, “तीनशे मीटरला तुझी थ्री-ओ-एट आणि ही थ्री हंड्रेड मॅग्नम, दोघींच्या पडण्यात फरक किती? चार बोटं.”

“आणि जोर?”

“जोर मॅग्नमचा खूपच जास्त. पण सांबराला दोन्ही पुरतात. मेलेलं सांबर जास्त मरत नाही, हेन्री.”

“पण चारशेला?”

“चारशेला मॅग्नम.”

झालं, हेन्रीने एवढंच ऐकलं. पुढे शिरीष अर्धा तास बोलला, ते हवेत गेलं.

ह्यात हेन्रीचा दोष म्हणावा तर तो संगोपनाचा. त्याच्या आईने चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला त्याला दोन नंबर मोठे बूट घेतले होते, पुढे कापसाचे बोळे कोंबून. शर्ट, पँट, शाळेचा स्वेटर, सगळं वाढत्या अंगाचं. आपल्याकडे कोणी मापाचं घेतं का? मापाचं घेणं म्हणजे उधळेपणा! तेच डोकं घेऊन तो दुकानात गेला. आता साठाव्या वर्षी ह्याचं कुठलं अंग वाढणार होतं, हे विचारायला तिथे कोणी नव्हतं. दुकानदार म्हाताऱ्याने फक्त एवढं विचारलं, “मेट, हाऊ फार डू यू अ‍ॅक्च्युअली शूट?” हेन्री म्हणाला, “अ‍ॅज फार अ‍ॅज इट गोज.” म्हाताऱ्याने भुवई उंचावली आणि परवान्याचे कागद पुढे सरकवले.

पोलिसांची परवानगी आली, फेब्रुवारीत मॅग्नम घरी आली. काडतूस करंगळीहून कितीतरी लांब, पितळेचं, पोटात दारू ठासलेली. हेन्री ते टेबलावर उभं करून चहा पीत बसायचा. मुलगी कॅसँड्रा युनीतून आली, एकदा काडतुसाकडे बघितलं, एकदा बापाकडे. “डॅड, यू आर हायरिंग अ ट्रक टू बाय मिल्क,” म्हणाली आणि फ्रिज उघडून उभी राहिली.

पहिल्या रविवारी रेंजवर जाऊन आला तो खांदा काळानिळा आणि भुवईवर रायफलवरच्या दुर्बिणीच्या कडेने उमटलेली अर्धी चंद्रकोर घेऊन. मॅग्नमचा धक्का असा, की झाडणाऱ्याला वाटावं बैलाने ढुशी दिली. वीस गोळ्यांपैकी कागदावर सात. बाकीच्या तेरा कुठे गेल्या हे त्या जंगलालाच माहीत. तरी हेन्रीचं म्हणणं एकच, “नवीन आहे. बसेल हळूहळू.” दुसऱ्या रविवारी पाच लागल्या. तिसऱ्या रविवारी त्याने काडतुसाची कंपनी बदलली. चौथ्या रविवारी दुर्बिणीला दोष दिला.

“नाचता येईना अंगण वाकडं,” लुर्डस म्हणाली. “पुढच्या रविवारी चर्चमधल्या मिसानंतर मी येते तुझ्याबरोबर.”

“तू काय करणार तिथे?”

“डबा घेऊन बसेन.”

आली. कानांवर मोठे हेडफोन लावून, डबा मांडीवर घेऊन, मागच्या बाकावर बसली. आता लुर्डसचं काम काय, हे लक्षात घ्या. तीस वर्षं ती माणसांना सांगत आलीय, “श्वास घ्या, धरा, हलू नका.” आणि तीस वर्षं तिला बटण दाबायच्या क्षणभर आधी कळत आलंय की हा पेशंट हलणार. मान किंचित आवळते, पापणी थरथरते, खांदा वर येतो. तिला बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तीन गोळ्या झाल्या आणि ती उठून नवऱ्यामागे उभी राहिली.

“हेन्री, तू डोळे मिटतोस.”

“काहीतरीच काय!”

“काहीतरी नाही. बोट हलायच्या आधी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो आणि नळी खाली झुकते. तू घाबरतोस त्या आवाजाला. माझ्याकडे असतास तर तुझा एक्स-रे मी चारदा काढला असता.”

हेन्रीला राग आला. असा राग आला की त्याने डबा खायला नकार दिला, आणि डब्यात सुकटीची चटणी होती, ह्यावरून राग किती असेल ते समजा. पण इंजिनिअर होता शेवटी. पुढची फेरी झाडायला त्याने तिला मागे उभं केलं आणि सांगितलं, माझ्या नकळत, मला न दाखवता, कधी भरलेलं काडतूस घाल, कधी दुकानात मिळतं ते पोकळ, सरावाचं घाल. क्लबच्या माणसाने तिला कसं घालायचं ते दाखवलं. पहिलं भरलेलं होतं, धडाम! दुसरं पोकळ. नुसतं ‘टक्’ झालं, आणि त्या ‘टक्’वर रायफलची नळी सरळ वीतभर खाली गेली. धक्का नाही, आवाज नाही, काही नाही, आणि हा बाबा डोळे गच्च मिटून खांदा पुढे काढून बसलेला. शेजारच्या लेनमधल्या पोराने तोंड फिरवलं, हसू लपवायला.

हेन्रीने रायफल खाली ठेवली, हेडफोन काढले. मग म्हणाला, “आठ वर्षं, लुर्डस.”

“हो.”

“थ्री-ओ-एटनेही हेच करत होतो?”

“मला काय माहीत? मी तेव्हा आले नव्हते. पण ह्या मॅग्नमने एवढं केलं, तुझी चूक इतकी मोठी करून दाखवली की मला बाकावरून दिसली. आता डबा खा.”

त्याने खाल्ला.

त्या आठवड्यात तो शिरीषकडे गेला आणि जरा घुश्श्यातच म्हणाला, “तुझ्या अकरा काडतुसांच्या टेबलात खांद्याचा कॉलम नव्हता.” शिरीषने मान्य केलं. त्याने लॅपटॉप उघडला, विचार केला, आणि बंद केला. “हे मला मोजता येणार नाही,” तो म्हणाला. “पण सोपा प्रयोग आहे. जनावराच्या छातीएवढी वस्तू घे. ज्या अंतरावर पाचपैकी पाच लागतील, ते तुझं अंतर. काडतूस चारशेचं असेल, माणूस शंभरचा असू शकतो. आणि जे काडतूस तू न घाबरता दिवसाला पन्नास झाडू शकशील, तेच तुझ्यासाठी चांगलं. बाकीचं सगळं माझं मनोरंजन होतं.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! ज्या थ्री-ओ-एटला नावं ठेवली तीच कपाटातून परत बाहेर आली. मॅग्नम दुकानात विकायला ठेवली. म्हाताऱ्याने एका शब्दानेही टोमणा मारला नाही, त्यामुळे हेन्रीला जास्तच लागलं.

आणि मग लुर्डसने त्याला जुंपला. रोज संध्याकाळी जेवणाआधी गॅरेजमध्ये, रिकामी रायफल दोनदा तपासून, नळीवर वीस सेंटचं नाणं ठेवायचं. घोडा ओढायचा. नाणं पडता कामा नये. पहिल्या आठवड्यात गॅरेजभर नाण्यांचा खणखणाट. लुर्डस मागे खुर्ची टाकून, पाय वर घेऊन, वाटाणे सोलत बसलेली.

“श्वास घ्या. अर्धा सोडा. धरा. हलू नका.”

“मला अहोजाहो का करतेस?”

“पेशंटला करते. हलू नका म्हटलं ना!”

एप्रिलच्या मध्याला नाणं पडायचं थांबलं. मग रेंज. चर्चच्या जेवणातून उरलेल्या कागदी ताटल्या लुर्डसने पिशवीभर आणल्या होत्या. शंभर मीटरला पाचपैकी पाच. दोनशेला पाच. तीनशेला आधी तीन, मग चार, मग मेच्या शेवटच्या रविवारी पाच. लागोपाठ दोनदा पाच. चारशेची सोय असलेल्या दुसऱ्या रेंजवर नेलं तर तीन, आणि कितीही डोकं आपटलं तरी तीन. तीनशेच्या ताटलीच्या कडेवर लुर्डसने एक्स-रेच्या पाकिटावर लिहितात तशा अक्षरात तारीख टाकली आणि ती त्याच्या बॅगेत घातली.

जूनमध्ये कॅम्पला पोचल्यावर हेन्रीने कांद्यांची पिशवी खाली ठेवायच्या आधी ती ताटली रॉनीच्या हातात दिली. “तीनशे मीटर. पाचपैकी पाच. यंदा मी वर येणार, आणि जेवण तुम्ही बनवा.”

रॉनीने ताटली उलटसुलट बघितली. भोकं मोजली. बहिणीचं अक्षर ओळखलं. “या, भावोजी,” एवढंच म्हणाला. दोघा ऑसींचे चेहरे मात्र बघण्यासारखे होते. त्यांना कळलं होतं, आज रात्री टिनमधले बीन्स.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. चढ काय होता म्हणता! गुडघा प्रत्येक पावलाला शिव्या देत होता आणि हेन्री गुडघ्याला. वर पोचले तेव्हा गवतावर दव गोठून पांढरं झालं होतं. ऑसी पुढच्या धारेवर गेले, हेन्री आणि रॉनी इथेच पोटावर आडवे झाले. समोर घळ, घळीपलीकडे उन्हात येऊ घातलेला उतार. दीड तास काही नाही. मग उतारावरच्या फर्नमधून एक नर बाहेर आला. असा थोराड, अशी शिंगं, की हेन्रीने लगेच रायफल खांद्याला लावली.

रॉनीने अंतर मापायचं यंत्र डोळ्याला लावलं. “चारशे दहा.” मग कुजबुजला, “मारा, भावोजी. एवढी वर्षं वाट बघितलीत.”

हेन्रीने दुर्बिणीतून बघितलं. खांदा दिसत होता, कान हलताना दिसत होता. बोट घोड्यावर नव्हतं, बाजूला होतं, आणि त्याला ते तिथे ठेवायला फार जड जात होतं. शेवटचा जून. पुन्हा हा डोंगर नाही.

“नाही,” तो म्हणाला. “चारशेला माझ्या पाचपैकी तीनच लागतात.”

“वाराही नाहीये, भावोजी.”

“उरलेल्या दोन कुठे जातील, रॉनी? त्याच्या पोटात. मी नाही मारणार. तुला मारायचा तर मार.”

रॉनीने मारला नाही. नर पाच मिनिटं चरला, आणि आपल्याच तोऱ्यात झाडीत गेला. हेन्रीचे डोळे भरून आले, थंडीने नव्हे, आणि त्याने ते पुसायचीही तसदी घेतली नाही. गेली ती संधी. पडून राहिले दोघे, कारण उठायला गुडघाही तयार नव्हता.

उन्हं खाली उतरली तशी घळीच्या अलीकडे, बरीच खाली, एक मादी बाहेर आली. एकटी, पिल्लू नाही. दोघांनी नीट दोनदा बघून घेतलं. रॉनीने यंत्र लावलं. “दोनशे सत्तर.”

हेन्रीने गाल दस्त्याला टेकवला. श्वास घेतला, अर्धा सोडला, धरला. डोळे उघडे होते. इतके उघडे, की गोळी सुटल्यावर दुर्बिणीतून त्याला जनावर जागच्या जागी खाली बसताना दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःची गोळी लागताना पाहिली. ते बघून त्याला आनंद झाला आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली.

खाली उतरून जनावरापाशी पोचायला तास लागला. एक गोळी, नेमकी जिथे पाहिजे तिथे. रॉनी जखम बघायला उकिडवा बसला. मग नजर वर न करता म्हणाला, “भावोजी, एक बोलू? रागावणार नाही ना?”

“बोल.”

“तुम्ही डोळे मिटायचात.”

“तुला माहीत होतं?”

“पहिल्या वर्षीच दिसलं. कॅम्पच्या मागे डबा ठेवून झाडत होतात ना, तेव्हाच.”

“आणि आठ वर्षं बोलला नाहीस?”

“कसं बोलणार?” रॉनी अगदी काकुळतीला आला. “बहिणीचे नवरे तुम्ही. मानाचे. तुम्हाला तोंडावर सांगू, की तुम्ही घाबरता म्हणून? आई असती तर मला घरात घेतलं नसतं. म्हणून मग ते इंद्यालाचं... म्हणजे इंद्याल चांगलंच असतं, तसं नाही...”

हेन्रीने मनात हिशेब मांडला. आठ वर्षं! पोत्यांनी कांदे, बादल्यांनी पीठ, एक नवी मॅग्नम, एक काळानिळा खांदा, आणि हे सगळं कशाने, तर मानाने. एक वाक्य पुरलं असतं, रे गाढवा. त्याला रागवायचं होतं, पण हसूच फुटलं, आणि ते इतकं वाढलं की घळीतून पक्षी उडाले. रॉनी आधी घाबरला, मग तोही हसायला लागला.

“ऐक,” हेन्री डोळे पुसत म्हणाला, “तुझ्या मानापायी मी साठीला आलो. आजपासून माझा मान ठेवलास तर लुर्डसला सांगेन.”

त्याने चाकू काढला आणि कातडं सोडवायला सुरुवात केली. पाच मिनिटं रॉनी गप्प बघत राहिला. त्याचा जबडा हलत होता, हात पुढे येऊन मागे जात होता. शेवटी त्याला राहवेना.

“अहो, काय करताय हे! उलटी धार! सगळं कातडं फाडाल, मांसाला केस लागतील! आठ वर्षं कॅम्पात बसून हेच शिकलात का? सरका तिकडे, पाय धरा नुसते, आणि मी सांगेन तेव्हाच ओढा!”

हेन्रीने मुकाट्याने चाकू दिला, सरकला आणि पाय धरले. इतका खूश तो आठ वर्षांत कधी झाला नव्हता.